सहीपुरती बहीण

बाळकुमच्या पुढे, खाडीच्या काठाला धाकूपाडा नावाचा ऐंशी-नव्वद घरांचा कोळीवाडा होता. होता असंच म्हणायला हवं. आज तिथून रुंद रस्ता जातो, आणि गाडीतून जाणाऱ्याला इथे माणसं राहत होती हे सांगूनही पटणार नाही. ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची, पाडा उठायच्या आदल्या वर्षाची.

एका सकाळी रंभा पडवीत बसून बोईट निवडत होती. खाडीच्या मासळीला तेव्हा रॉकेलचा वास यायला लागला होता. कल्याणच्या बाजारातलं गिऱ्हाईक आधी मासा नाकाला लावायचं आणि मग भाव विचारायचं. म्हणून रंभा एकेक बोईट आधी स्वतः हुंगायची आणि वासाचं निघालं की कावळ्यांकडे भिरकावून द्यायची.

"रंभे, अर्धी पाटी कावल्यांच्या घशात घातलीस," शेजारची सगुणा हसून म्हणाली. "इकशील काय, टोपली?"

"वासाचा मासा गिऱ्हाइकाला देऊ? उद्या परत तिथंच बसायचाय मना."

अशी होती रंभा. पन्नाशी ओलांडलेली, तोंडाने फटकळ आणि व्यवहाराला चोख. तिची कहाणी पाड्याला पाठ होती. विसाव्या वर्षी नवरा काविळीने गेला, आणि सासरच्यांनी वर्षही उलटू न देता तिला होडीत बसवून माहेरी आणून सोडलं. माहेरी तरी काय होतं? आई आधीच गेलेली, बाप गोमाजी दम्याने खाटेला खिळलेला आणि नऊ वर्षांचा भाऊ काळुराम. दोघांच्या मधली बहीण जनी देवीच्या आजारात गेली होती. रंभाने पाटी डोक्यावर घेतली ती घेतलीच. बापाचं शेवटपर्यंत केलं, भावाला मॅट्रिकपर्यंत शिकवलं, कारखान्यात चिकटवलं, त्याचं लग्न लावून दिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण चौथीत असताना काळुरामने तिला तिचं नाव लिहायला शिकवलं होतं. भावाने शिकवलं म्हणून तिला त्या सहीचं भारी कौतुक होतं.

भावजय शेवंती घरात आली आणि दुसऱ्याच वर्षी रोजची धुसफूस सुरू झाली. तेव्हा रंभाने कुणाला एक शब्द न बोलता पडवीत आपली चूल मांडली. त्या गोष्टीला आता अठरा वर्षं होत आली होती. सगुणाचंही तसंच. तिला नवऱ्याने टाकलेली, म्हणून भावाच्या दाराबाहेर तिची चूल. पाड्यात अशा दहा जणी होत्या. कुणी विधवा, कुणी टाकलेली, सगळ्या भावाच्या पडवीत. बाजारात जाऊन घर चालवणाऱ्या, पण घर मात्र एकीचंही नाही.

रस्त्यासाठी पाडा उठणार हे पक्कं झालं, तेव्हा माजिवड्याच्या अलीकडे भराव टाकलेल्या जागेवर नवी वसाहत बांधायचं ठरलं. निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरहद्द ओलांडून आलेली माणसं येतात. आपल्याच गावातून, आपल्याच डोळ्यांदेखत उठवलेल्या बाईला आपण तो शब्दही देत नाही. तिच्यासाठी सरकारी कागदात 'कुटुंबातील इतर व्यक्ती' असा रकाना असतो.

त्या वसाहतीचा नकाशा घेऊन चैत्रात कलावती गुप्ते आल्या. डोंबिवलीला राहणाऱ्या, तिशी-बत्तिशीच्या, नगररचनेचं शिक्षण घेऊन पुनर्वसनाच्या कामाला लागलेल्या. पंचांचा म्होरक्या दामाजी पाटील त्यांना थेट देवळात घेऊन गेला आणि पुरुषांची बैठक लावली. बाईंनी पंधरा मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरच्या बायका कुठे आहेत?"

"त्यांना नकाशातला काय कलतंय, बाई?" दामाजी म्हणाला.

"पाणी कोण भरतं तुमच्याकडे?"

बाई उठल्या आणि सरळ मासळी सुकवायच्या खळ्यावर जाऊन बायकांच्यात मांडी घालून बसल्या. बायकांना आधी हसूच आलं. साडी इस्त्रीची आणि बसली कुठे तर जवळ्याच्या राशीशेजारी! पण बाईंनी विचारायला सुरुवात केली आणि हसू थांबलं. पहाटे किती वाजता उठता? टेम्पो कुठे उभा राहतो? अंधारात संडासला कुठे जाता? असले प्रश्न आजवर त्यांना कुणी विचारले नव्हते.

नकाशातली रेघ कुणाला कळेना, तेव्हा रंभाने खळ्यावरच वसाहत मांडली. टोपल्या म्हणजे घरांच्या ओळी, शिंपल्या म्हणजे नळ, जाळं तरंगतं ठेवणारे बोये म्हणजे संडास.

"ह्ये बग बाई, तुमी संडास मागं दलदलीला नेलाव. तितशी दारूच्या गुत्त्याची वाट. पोरीबाली जातील कशा? ह्यो आना रस्त्याकडं, वर दिवा लावा, आन दार लोकांना दिसल असा करा."

"आन नल ओलीच्या टोकाला नको, मधी पायजे," सगुणा म्हणाली. "म्हातारीनं हंडा किती लांब वडायचा?"

बाईंनी भराभर लिहून घेतलं. मग स्वतःहून म्हणाल्या, "तुम्हा एकट्या बायकांसाठी मी दहा खोल्या वेगळ्या, एका कोपऱ्यात ठेवते. सुरक्षित राहतील."

"कोपरा नको!" रंभा एवढ्या जोरात बोलली की खळ्यावरचे कावळे उडाले. "आमाला काय महारोग झालाय? कोपऱ्यातच दिस काडले आमी. आमचा दार सगल्यांच्या दाराशेजारी पायजे."

कलावतीबाई क्षणभर ओशाळल्या. मग म्हणाल्या, "चुकलंच माझं." आणि त्यांनी वहीतली रेघ खोडली.

दोन महिने त्या कार्यालयात भांडल्या. शेवटी नकाशा मंजूर झाला आणि त्याबरोबर एक नियमही. ज्या एकट्या बाईची चूल वेगळी, तिचं कुटुंब वेगळं धरायचं, आणि तिला तिच्या नावाची खोली द्यायची. चूल वेगळी आहे की नाही हे मोजणीवाले घरी येऊन बघणार.

दहाही जणींना ही बातमी कळली त्या दिवशी रंभाने बाजारातून जिलेबी आणली. स्वतःच्या नावाचं दार! ती काळुरामलाही जिलेबी द्यायला गेली.

"काळू, तुज्या बहिनीला खोली गावनार रं!"

"लय बेस झाला, बाय," काळुराम म्हणाला, आणि जिलेबी खाल्ली.

आता काळुराम वाईट माणूस होता का? सांगणं अवघड आहे. दारू प्यायचा नाही, बायकोवर हात टाकायचा नाही, पंचांचा चिटणीस म्हणून गावात मान होता. पण त्याचा मुलगा राघो एकोणीस वर्षांचा झाला होता, आणि दामाजीचे तर तिघे उपवर होते. नव्या वसाहतीत खोल्या मोजक्या. दहा बायका यादीतून गळल्या तर दहा खोल्या पंचांच्या पोरांना मिळतात हा हिशेब देवळात मांडला गेला, आणि काळुराम तिथे बसलेला होता. तो बोलला नाही. पण उठूनही गेला नाही.

नारळी पुनवेला रंभाने त्याला राखी बांधली. पुनवेनंतर सातव्या दिवशी शितळा सप्तमी आली.

हा दिवस पाड्यात फार कडक पाळायचे. आदल्या दिवशी स्वयंपाक करून ठेवायचा. सप्तमीला चूल सारवायची, तिला हळदकुंकू वाहायचं आणि काडीसुद्धा ओढायची नाही. चहाही नाही. घरातल्या सगळ्यांनी देवीपुढे एका पंगतीत शिळं खायचं, मग वर्षभर चुली किती का वेगळ्या असेनात. चूल पेटली तर देवी कोपते आणि घरातल्या लेकरावर येते, असं म्हणत. जनी गेली त्या वर्षी आईने तापल्या पोरीला पेज हवी म्हणून सप्तमीला चूल पेटवली होती, आणि आई मरेपर्यंत स्वतःला बोल लावत राहिली. देवीचा रोग देशातून गेला, तरी रंभाची भीती काही गेली नव्हती. आणि हे काळुरामला जितकं माहीत होतं तितकं दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

नेमके त्याच दिवशी दुपारी मोजणीवाले आले.

चष्मेवाल्या साहेबाने पडवीत डोकावून चुलीवर हात ठेवला. चूल गार, सारवलेली, वर हळदकुंकू. आत घरात काळुराम, शेवंती, मुलं आणि रंभा एका ओळीत जेवत होती.

"बाई, तुम्ही इथेच जेवता?"

"आज इतंच, साहेब. आज शितलाईचा दिस हाय ना."

"ही चूल वापरात दिसत नाही."

"आज कशी पेटल? आज कुनाचीच पेटत नाय. उद्या सकाली या, बगा धूर."

"उद्या आम्ही दुसऱ्या गावाला. आजच्या तारखेला जे दिसतं ते लिहायचं असतं."

रंभाने भावाकडे बघितलं. "काळू, तू सांग त्यांना. अठरा वरसं झाली, सांग."

काळुराम हात धुऊन आला. कागद हातात घेऊन त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. "मी बगतो, बाय. बरोबर लिवलाय. कर सही."

आणि रंभाने सही केली. भावाने वाचलं होतं, मग तिला विचारायचं काय होतं? त्याच दुपारी दारोदार दहाही चुली गार सापडल्या, आणि दहाही बायकांनी घरच्या पुरुषाच्या सांगण्यावरून कागदावर अंगठा नाहीतर सही दिली. एकीनेही चूल पेटवली नाही. देवीचा दिवस मोडून खोली मिळवावी हे कुणाच्या मनातही आलं नाही.

गणपती झाल्यावर शाळेत यादी वाचली. दामाजीच्या तिन्ही मुलांची नावं आली, राघोचं आलं. दहा बायकांतली एकही नव्हती.

कलावतीबाई दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन खळ्यावर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी रंभाचा कागद वाचून दाखवला. 'चूल वेगळी नाही. भावाच्या कुटुंबात जेवते. वेगळ्या निवासाची मागणी नाही.' खाली रंभाची सही.

"मागनी नाय?" रंभाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "ह्ये मी बोल्ले?"

"तुमची सही आहे, रंभाताई."

"पन साहेबाला ह्योच दिस कसा गावला?"

बाईंनी दुसरा कागद काढला. "तारीख गावाने मागितली होती. अर्जात लिहिलंय, त्या दिवशी बाजार बंद असतो, सगळे घरी भेटतील." त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. "खाली काळुराम गोमाजी कोळी अशी सही आहे. अर्ज माझ्या टेबलावरून गेला, रंभाताई. कॅलेंडरात शितळा सप्तमी बारीक अक्षरात होती, मी बघितलीसुद्धा. सुट्टी नाही ना, एवढंच बघितलं आणि पुढे पाठवला. त्या दिवशी चूल पेटत नाही हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

रंभाने तो अर्ज हातात घेतला. वाचता येत नसलं तरी भावाचं अक्षर तिला ओळखू आलं. ह्याच अक्षरासाठी तिने वह्या आणल्या होत्या, मास्तरांना ताजी चिंबोरी नेऊन दिली होती. तिला रडू आलं नाही. ती खाली जवळ्याच्या राशीवर बसूनच राहिली.

संध्याकाळी काळुराम कामावरून आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"तारीख तू मागितलीस?"

तो चपला काढत राहिला. "पंचांनी ठरवला, बाय."

"अर्ज कुनी लिवला?"

"चिटनीस मी हाय, त मीच लिवनार. अगं, तुला येकटीला खोली कशाला? माजा घर तुजा नाय का? मेल्यावर खांदा आमीच देनार ना?"

"मेल्यावरचा राहू दे. जित्तेपनी दार पायजे होता मना. काळू, तुला ठाव होता मी चूल पेटवनार नाय. जनीचा तुला ठाव होता रं!"

आतून शेवंती म्हणाली, "राघोला उद्या बायको आनायची त ठेवायची कुठं? आत्याबायला पडवी हायेच की तिकडं पन."

त्या दिवसापासून रंभाने भावाच्या घरचं पाणीही घेतलं नाही.

कदाचित गोष्ट इथेच संपली असती. अशा कितीतरी संपतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पण दिवाळीआधी कार्यालयाचं पत्र आलं. जुनी घरं बापाच्या नावावर, बापाच्या वारसांत बहिणीही आहेत. तेव्हा बहिणींनी हक्क सोडल्याचं लिहून दिल्याशिवाय भावांना खोलीचा ताबा मिळणार नाही.

पंचांना त्यात अवघड काहीच वाटलं नाही. बहिणीची सही घ्यायची रीत चालतच आलेली होती. शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं, भावांनी साड्या आणल्या. सासरी गेलेल्या बहिणी मुलंबाळं घेऊन आल्या, सही करून, साडी घेऊन, ओटी भरून परत गेल्या. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मग पाड्यातल्या दहा जणींची पाळी आली.

काळुरामने हिरवी साडी आणली होती, जरीच्या काठाची. रंभासाठी एवढी भारी साडी त्याने कधीच घेतली नव्हती. त्याने ती ताटात ठेवली आणि कागद पुढे सरकवला.

"बाय, कर सही."

"वाच आधी."

"काय वाचायचा त्यात? नेमीचाच हाय."

"तू नको. बाई वाचतील."

कलावतीबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी वाचलं. 'मी लग्न होऊन परक्या घरी गेले असून माहेरच्या घराशी माझा काही संबंध उरलेला नाही. माझा हक्क मी राजीखुशीने भावास सोडून देत आहे.'

रंभाने पदर खोचला.

"साहेब, तुमी शिकलेले, तुमीच सांगा," ती टेबलामागच्या अधिकाऱ्याला म्हणाली. "श्रावनात तुमच्या मानसानं लिवला, ही भावाच्या घरातली, हिची चूल वेगली नाय, हिला खोली नको. आज लिवलाय, ही परक्या घरची, हिचा इथं कायच नाय. खोली देताना मी घरातली, हक्क मागताना मी भायेरची! मंग मी हाय तरी कुठची? दोनी कागदांवर माजीच सही पायजे तुमाला?"

अधिकाऱ्याने चष्मा काढला.

"बाय, लोक बगतात," काळुराम दबक्या आवाजात म्हणाला. "मी पाया पडतो तुज्या. सही नाय केलीस त माजी पोरा रस्त्यावर येतील."

"तुजी पोरा मीच अंगाखांद्यावर वाडवली, मना सांगतोस? रस्त्यावर कुनी येऊ नये म्हून त आमी त्या खल्यावर टोपल्या मांडल्या. त्यात तुजा घर पन मांडला होता मी, काळू. तू माजा काडून टाकलास." आता तिचा आवाज फुटला आणि ती सगळ्यांदेखत रडली. पण तिने साडीचं ताट उचलून भावाच्या हातात दिलं आणि कागद सहीविनाच परत केला. "मी सही करनार नाय."

"मंग आजपास्नं मना बहीन नाय!" काळुराम ओरडला.

"ती त सप्तमीलाच नव्हती."

तिच्यामागे चौघींनी सही नाकारली. पाच जणींनी केली. सगुणाही त्यांत होती. भावाने तिच्या कानाशी काहीतरी म्हटलं आणि तिने मान खाली घालून सही दिली, साडी घेतली, आणि रंभाकडे न बघता निघून गेली. तिला दोष कोण देणार? तिला त्याच संध्याकाळी त्याच दारात परत जायचं होतं.

कलावतीबाईंनी त्या पाच नकारांवर फेरचौकशी मागितली. त्यासाठी वरिष्ठांची बोलणी खाल्ली, एकदा बदलीचं पत्रही हातात पडलं, तरी त्या मागे हटल्या नाहीत. पुढे कुठल्याही गावात मोजणी ठरली की त्या आधी तिथल्या बायकांना तारीख विचारू लागल्या. दीड वर्षाने भावांचा अडलेला ताबा सुटला आणि पाचही जणींना खोल्या मिळाल्या, कोपऱ्यात नाही, तिसऱ्या ओळीत मधोमध. नळ बायकांनी दाखवलेल्या जागी आला. संडास मात्र दलदलीच्याच कडेला बांधले गेले, आणि दिवा लावायला कुणी आलं नाही. सगुणा अजून भावाच्या पडवीत राहते आणि सांजेला तिकडे जायचं झालं तर रंभाला हाक मारते. रंभा जाते. काळुरामची खोली समोरच्याच ओळीत आहे. बहीणभावांची दारं वीस पावलांवर, पण त्या दिवसानंतर दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. रंभाला खोली मिळाली, भाऊ मिळाला नाही. ह्यातलं एकच मिळेल अशी व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून करून ठेवलेली आहे.

वाचकहो, तुम्ही धाकूपाड्यातले नाही. तुम्ही ठाण्याच्या, डोंबिवलीच्या पक्क्या घरात, रविवारच्या चहाबरोबर हे वाचत असाल. पण वडिलांमागे ते घर तुमच्या नावावर झालं तेव्हा बहिणीची सही घेतलीच असेल ना? कागदात काय लिहिलंय हे तिने विचारलं होतं का? तुम्ही सांगितलं होतं का? आणि आज तिच्यावर वेळ आली, पिशवी घेऊन ती तुमच्या दारात उभी राहिली, तर तुम्ही तिला घरातली म्हणाल की बाहेरची?